पायवाटेवरचं रान: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

पाऊस ओसरला की डोंगरवाटांवरची गर्दी वाढते आणि आमच्याकडे येणारी पत्रंही. या खेपेच्या पत्रांमध्ये एकच तक्रार पुन्हा पुन्हा आली आहे: एका दिवसाचा ट्रेक करतो, कडे-दऱ्या डोळे भरून बघतो, पण प्राणी-पक्षी काही दिसत नाहीत. म्हणून हे सदर या वेळी तेवढ्यासाठीच. पुढच्या हंगामाची तयारी करणाऱ्यांचेही दोन प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: खांडसहून गणेश घाटाने आम्ही तीनदा भीमाशंकरला गेलो. शेकरूचं अभयारण्य म्हणून एवढं नाव ऐकलं, पण एकदाही शेकरू दिसलं नाही. ती उरलीच कमी आहेत की आमचं काही चुकतंय? (एक वाचक, डोंबिवली)

शेकरू आहेत. चुकतेय ती वेळ. सकाळची गाडी धरून कर्जत, तिथून खांडस असं करत चालायला लागेपर्यंत आठ-नऊ वाजतात. गणेश घाटाने माथा गाठायला चार ते पाच तास लागतात. म्हणजे खऱ्या दाट रानात तुम्ही पाय ठेवता तो ऐन दुपारी, आणि त्या वेळी शेकरू फांदीवर पोट टेकून निवांत पडलेलं असतं. त्याची लगबग उजाडल्यापासून साधारण नऊ-दहापर्यंत चालते, मग पुन्हा चारनंतर.

दुसरी गोष्ट जागेची. घाटाच्या खालच्या टप्प्यातलं जंगल पानझडीचं आणि विरळ आहे. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं, त्यामुळे त्याला फांदीला फांदी भिडलेलं सदाहरित रान लागतं. तसं रान माथ्यावर, देवळाच्या आसपासच्या देवराईत टिकून आहे. १९८५ साली हे सुमारे १३० चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं, ते प्रामुख्याने याच प्राण्यासाठी.

तेव्हा बेत उलटा करा. आदल्या दिवशी वर मुक्काम करा (मंचर-घोडेगाव मार्गे गाडीनेही येता येतं) आणि सकाळी उजाडता उजाडता गुप्त भीमाशंकरच्या पायवाटेला लागा. तीन तास रानासाठी ठेवा, मग नागफणीवरून कोकणाचा देखावा बघा आणि दुपारी गणेश घाटाने उतरा. शिडीच्या वाटेने उतरू नका. पावसाळ्यात तर नाहीच नाही, शेवाळलेल्या शिड्यांवरून पाय सुटतो.

आता शोधायचं कसं? आधी घरटी शोधा. उंच झाडाच्या शेंड्याकडे, बारीक फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा टोपलीएवढा गोळा दिसतो. तिथे जागा मुद्दाम निवडलेली असते, जड शिकारी प्राण्याचं वजन त्या फांद्या पेलत नाहीत. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, म्हणून पाच घरटी म्हणजे पाच शेकरू असा हिशेब मांडू नका. गोळ्यात हिरवी पानं खोचलेली दिसली तर घरटं वापरातलं, सगळी पानं करडी-सुकी असतील तर बहुधा सोडलेलं. मग झाडाखाली बघा. उंबर, जांभूळ, आंबा यांची अर्धवट कुरतडलेली, अजून ओली असलेली फळं पडली असतील तर तिथेच थांबा.

धोका वाटला की शेकरू 'टक्-टक्-टक्-टक्' असा खडखडाट सुरू करतं किंवा फांदीला चिकटून दगडासारखं स्तब्ध होतं. अंग तांबूस-तपकिरी असल्याने ते खोडात मिसळून जातं, पण शेपूट लपत नाही. फांदीखाली झुपकेदार काहीतरी लोंबतंय आणि त्याचं टोक फिकट आहे, एवढीच खूण पुरते. ती दिसली की बोट दाखवू नका, पुढे सरकू नका. दहा-पंधरा मिनिटं गप्प उभं राहिलं की ते पुन्हा खायला लागतं. मग एका झाडावरून दुसऱ्यावर अशी झेप घेतं की आपलाच श्वास अडकतो; पाच-सहा मीटरचं अंतर ते सहज तोडतं.

चालण्याचा साधा नियम: दोनशे पावलं चाला, पाच मिनिटं थांबा. दहाजणांचा गट असेल तर तीन तुकड्या करा आणि पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने निघा. गप्पा मारत सलग चालणाऱ्यांच्या आधी त्यांचा आवाज रानात पोचतो, आणि ते तिथे जाईतो सगळं सामसूम झालेलं असतं.

प्रश्न: मोबाइलवर नवरंग पक्ष्याचा आवाज लावला की तो लगेच समोर येतो, असं एका मित्राने सांगितलं. कर्नाळ्याला जाणार आहोत. लावावा का? (एक वाचक, पनवेल)

लावू नका. नवरंग पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे येतो तो विणीसाठी. तुमच्या मोबाइलमधला आवाज त्याला दुसऱ्या नराचा वाटतो. तो खाणं सोडतो, घरट्यापासून दूर येतो आणि नसलेल्या शत्रूला हुसकत फिरतो. तुम्ही एकदाच लावाल, पण शनिवार-रविवारी त्याच वळणावर आठ गट तेच करतात. शिवाय अभयारण्यात वन्यजीवाला सतावणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

त्याऐवजी कान वापरा. पहाटे आणि सांजेला नवरंग दोन सुरांची स्वच्छ शीळ घालतो. शीळ आली त्या दिशेला नजर झाडावर नाही, जमिनीवर लावा. पालापाचोळ्यात टुणटुण उड्या मारत, पानं उलटी करत तो किडे टिपत असतो. खाली बसून झुडपांच्या बुंध्यांमधून बघितलं तर लवकर सापडतो.

कर्नाळ्यासारख्या रानात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. अर्धा अर्धा तास एकही पक्षी दिसत नाही आणि मग एकदम पाच-सात जातींचे पक्षी एकाच झाडावर हजर होतात. हा मिश्र थवा. त्यात निखार, सुभग, नाचण, चष्मेवाला, राखी वल्गुली, एखादा सुतार आणि जवळपास नेहमी कोतवाल असतो. एकजण पानाखालचा किडा हुसकतो, दुसरा तो हवेत टिपतो, आणि शिक्रा दिसला की कोतवाल सगळ्यांना सावध करतो. थवा पुढे सरकत असतो, म्हणून त्याच्या मागे धावू नका. तो कुठल्या दिशेने चाललाय ते ओळखून वीस-पंचवीस पावलं पुढे जाऊन उभे राहा. तो तुमच्या डोक्यावरून जाईल.

प्रश्न: गेल्या वर्षी एका किल्ल्यावर आमच्या गटावर मधमाश्या उठल्या. दोघांना दवाखान्यात न्यावं लागलं. काय चुकलं असेल आणि त्या वेळी नेमकं काय करायला हवं होतं? (एक वाचक, चिंचवड)

हा प्रश्न आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. बिबट्याच्या भीतीने काठ्या घेऊन जाणारे लोक खऱ्या धोक्याखालून, म्हणजे आग्या मोहोळाखालून, गाणी लावून जातात.

आग्या माशीचं मोहोळ म्हणजे कड्याच्या पुढे आलेल्या भागाखाली टांगलेलं एकच उघडं पोळं. ते मीटरभर रुंद असू शकतं. त्याला ना कपार, ना झाकण. माश्यांनीच एकमेकींना धरून पडदा केलेला असतो, म्हणून लांबून तो काळसर अर्धचंद्र दिसतो. कर्नाळ्याच्या अंगठ्यासारख्या सुळक्यावर, किल्ल्यांच्या कातळकड्यांवर, लेण्यांच्या छतांवर ही मोहोळं असतात. चढाई सुरू करण्याआधी दुर्बिणीतून कडा नीट न्याहाळा आणि वाट मोहोळाखालून जात असेल तर तो टप्पा मनात पक्का करून ठेवा.

माश्या उठायची कारणं ठरलेली आहेत. खाली पेटवलेल्या चुलीचा किंवा सिगारेटचा धूर, अत्तर-डिओ-सुगंधी तेल, आरडाओरडा, वरून घरंगळलेला दगड, ड्रोन. कधी कधी तुमचा काहीच दोष नसतो: मधुबाज नावाचा शिकारी पक्षी मोहोळाचा लचका तोडून निघून जातो आणि राग खालच्या माणसांवर निघतो. म्हणून मोहोळावर घिरट्या घालणारा शिकारी पक्षी दिसला तर त्या टप्प्यातून पुढे जाऊ नका, थांबा.

माश्या आधी इशारा देतात. मोहोळाच्या पृष्ठभागावर चमकती लाट धावते, जत्रेत पताका वाऱ्याने हलाव्यात तशी. शेकडो माश्या एकामागून एक पोट वर उचलतात त्याची ती लाट असते. लाटा वारंवार येऊ लागल्या किंवा एक-दोन माश्या येऊन डोक्याला धडकू लागल्या की हात न हलवता, न बोलता आल्या वाटेने मागे फिरा. बहुतेक अपघात इथेच टळतात. नेमकं याच क्षणी कुणीतरी टोपीने माशी मारतं. चिरडलेल्या किंवा डंख मारलेल्या माशीतून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि तो वास बाकीच्या माश्यांना 'इथे हल्ला करा' असं सांगतो.

हल्ला झालाच तर काय करायचं ते पायाखाली काय आहे त्यावर ठरतं. वाट मोकळी, रुंद असेल तर पळा. शर्ट किंवा ओढणी डोक्यावर ओढून डोळे, नाक, तोंड झाका आणि मोहोळापासून सरळ लांब पळत राहा. गाडी, घर, बंद खोली, काहीच नसेल तर दाट झुडपं गाठा. पाण्यात उडी मारू नका; माश्या वर घोंगावत राहतात आणि श्वासासाठी डोकं बाहेर काढलं की तिथेच डसतात. मात्र कड्याच्या अरुंद वाटेवर असाल तर पळणं डंखांपेक्षा घातक आहे. तिथे कातळाला टेकून खाली बसा, जॅकेट किंवा प्लास्टिकचा कागद अंगावरून घेऊन गुडघ्यात डोकं घाला आणि जोर ओसरला की बसत-सरकत बाहेर पडा. दोन मीटर बाय दोन मीटरचा जाड प्लास्टिकचा कागद सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवावा, तो यासाठीच. तळाशी ठेवला तर त्याचा काही उपयोग नाही.

सुरक्षित जागी आल्यावर काटे काढा. कातडीत राहिलेल्या काट्याला विषाची पिशवी चिकटलेली असते आणि ती आकुंचन पावत विष सोडत राहते. नखाने खरवडा किंवा चिमटीने ओढा, पद्धतीपेक्षा घाई महत्त्वाची. ओठ-जीभ सुजणं, श्वास अडकणं, अंगभर गांधी उठणं, उलटी, चक्कर यातलं काहीही दिसलं तर १०८ला फोन करा आणि दवाखान्याकडे निघा. अशा वेळी ॲड्रेनलिनचं इंजेक्शनच लागतं. ॲलर्जीची गोळी खाज कमी करते, पण तिच्यावर विसंबू नका. आणि हे नीट वाचा: डंख वीस-पंचवीसच्या वर असतील, लहान मुलाला त्याहून कमी असले तरी, माणूस ठणठणीत वाटला तरी त्याला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. खूप डंखांचं विष स्नायू आणि मूत्रपिंडांवर नंतर, एक-दोन दिवसांनीही परिणाम करतं. लघवी गडद चहासारखी झाली तर क्षणभरही थांबू नका.

प्रश्न: पहिली दुर्बीण घ्यायची आहे. ८×४२ की १०×५०? मित्राच्या दुर्बिणीतून मला सगळं दोन-दोन दिसतं, ते का? (एक वाचक, सातारा)

८×४२. पहिला आकडा किती पट मोठं दिसणार हे सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ला ८ने भागलं की सव्वापाच येतात. एवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो. रानातल्या अंधुक सकाळी हेच कामी येतं. खिशात मावणाऱ्या ८×२५मध्ये हा झोत तीनच मिलिमीटरचा असतो आणि झाडीतला पक्षी काळा ठिपका दिसतो. १०×५० उजेडाला चांगली, पण वजनदार, आणि दहापट मोठं दिसतं तशी हाताची थरथरही दहापट दिसते. चढून धापा टाकत असताना ती स्थिर राहत नाही.

दोन-दोन दिसण्याचं साधं कारण म्हणजे दुर्बीण तुमच्या डोळ्यांना जुळवलेली नव्हती. आधी मधला सांधा उघडझाप करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करा. मग उजवं भिंग तळव्याने झाका आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला एखादी पाटी स्वच्छ दिसेल असं करा. आता डावं भिंग झाका आणि चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याकडची कडी फिरवून तीच पाटी स्वच्छ करा. कडी जिथे आली तो आकडा लक्षात ठेवा, पुन्हा फक्त मधलं चाक फिरवायचं. चष्मा असेल तर रबरी कडा खाली दुमडून चष्म्यासकट बघा. एवढं करूनही दोन प्रतिमा राहिल्या तर दुर्बीण पडून आतले लोलक हलले आहेत. ते घरी दुरुस्त होत नाही.

पक्षी शोधताना दुर्बीण लावून झाड चाळू नका. नुसत्या डोळ्यांनी पक्षी पकडा, नजर त्याच्यावरून हलवू नका आणि दुर्बीण डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात ती हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, नाहीतर भिंगाच्या आत बुरशी धरते.

प्रश्न: पायवाटेवर चिखलात मोठा ठसा दिसला. बिबट्याचा की कुत्र्याचा, कसं ओळखायचं? (एक वाचक, जुन्नर)

चार गोष्टी बघा. नखं: कुत्र्याच्या ठशात बोटांपुढे नखांचे टिंब उमटतात, बिबट्याची नखं आत ओढलेली असतात. आकार: कुत्र्याचा ठसा लांबट, बिबट्याचा गोलसर. बोटं: कुत्र्याची मधली दोन बोटं एका रेषेत पुढे असतात, बिबट्याचं एक बोट किंचित पुढे असतं. आणि सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे गादी: बिबट्याच्या गादीची मागची कड तीन फुगवट्यांची असते. रुंदी साधारण सात ते नऊ सेंटिमीटर. त्याहून बराच लहान, चार-पाच सेंटिमीटरचा तसाच ठसा रानमांजराचा. नखं उमटली आहेत आणि पुढचा पाय मागच्यापेक्षा बराच मोठा आहे, तर तरस. त्याची विष्ठा वाळली की हाडांतल्या चुन्यामुळे खडूसारखी पांढरी दिसते.

एक चकवा सांगून ठेवतो. पातळ चिखलात ठसा पसरतो आणि मांजराचाही वाघाएवढा वाटतो. घसरलेल्या बिबट्याची नखंही उमटू शकतात. म्हणून एका ठशावर निकाल देऊ नका, ओळीने चार-पाच ठसे बघा. फोटो सरळ वरून काढा, शेजारी नाणं किंवा पेन ठेवा. सकाळचं तिरपं ऊन ठशाच्या कडा उठावदार करतं. कडा धारदार असतील तर ठसा ताजा; त्यावर पान पडलेलं, कोळ्याचा धागा ताणलेला किंवा थेंबांचे खड्डे असतील तर जुना.

ठसा वाटेवरच मिळाला याचं नवल वाटू देऊ नका. बिबट्यालाही काट्याकुट्यांपेक्षा मळलेली वाट आवडते, फक्त तो ती संध्याकाळनंतर वापरतो. क्वचित समोरासमोर आलाच तर पळू नका, वाकू-बसू नका, लहान मुलांना उचलून घ्या आणि त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका. त्याला निघून जायला एक बाजू मोकळी ठेवा.

प्रश्न: मुलांना घेऊन जाताना किती वेळ धरावा? (एक वाचक, ठाणे)

सपाटीवर तासाला तीन किलोमीटर, चढ असेल तर दर तीनशे मीटर उंचीला एक तास जास्त. निरीक्षणासाठी याच्या दीडपट. उतरायला चढण्याच्या पाऊणपट वेळ ठेवाच, गुडघे दमल्यावर मुलं घसरतात ती उतारावर. हिवाळ्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि दाट रानात त्याआधी अर्धा तास अंधारतं, म्हणून कुठेही असा, दुपारी दोनला परत फिरा. दिवाळीनंतर मोठ्या माणसाला तीन लिटर पाणी.

प्रश्न: पुढच्या जुलैत आंबोलीला जायचं ठरतंय. जळवांची भीती वाटते. तिथे दिवसा काय बघता येईल? (एक वाचक, कोल्हापूर)

जळू चावते, पण विषारी नाही. घट्ट विणीच्या कापडाचे गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे पँटवरून चढवा. मीठ-तंबाखू चोळून जाऊ नका, पावसात ते धुऊन ओहोळात जातं आणि तिथे बेडकांची पिल्लं असतात. चिकटलेल्या जळवेला ओढू, जाळू नका, ती पोटातलं जखमेत ओकते. निमुळत्या टोकाला तोंड असतं; तिथे नख सरकवून पकड सोडवा, मग दुसरं टोक. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, म्हणून कापूस दहा-पंधरा मिनिटं दाबून धरा.

जळवांपेक्षा हात कुठे ठेवता ते जपा. मलबारी चापडा हा विषारी साप पावसाळ्यात कमरेएवढ्या झुडपांवर दिवसभर निश्चल पडून असतो. हिरवा, तपकिरी, पिवळसर अशा अनेक रंगांत तो सापडतो. फांदी धरण्याआधी बघा. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नका. तो अवयव न हलवता माणसाला दवाखान्यात न्या.

गोचिडांचा प्रश्न वेगळा आणि हंगामही वेगळा. जानेवारी ते मे या काळात बांदा, दोडामार्ग भागातल्या रानात गोचिडांमुळे माकडताप होतो. त्या दिवसांत पाचोळ्यावर बसू नका, संध्याकाळी काख, जांघ, कानामागे तपासा. आठवड्याभरात ताप आला तर कुठल्या रानात गेला होता ते डॉक्टरांना आधी सांगा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनरक्षकाला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

आणि बघायचं काय, तर बेडूक. रात्रीच दिसतात असा समज आहे, पण त्यांच्या खुणा दिवसा जास्त चांगल्या दिसतात. डबक्यावर झुकलेल्या फांदीला मुठीएवढा पांढरा फेस चिकटलेला असेल. लोक त्याला किड्याची लाळ समजून काठीने पाडतात. ते मलबारच्या उडत्या बेडकाचं घरटं आहे. मादी स्राव सोडते, पायांनी घुसळून त्याचा फेस करते आणि आत अंडी घालते. वरचा थर वाळून कडक होतो, आत ओल टिकते. काही दिवसांनी फेस सैल पडतो आणि पिल्लं एकेक करत खालच्या पाण्यात टपकतात. कातळसड्यावर गेलात तर बोटाच्या पेराएवढ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या आंबोली टोड या बेडकाकडे लक्ष द्या. २००९ साली त्याची नवी जात म्हणून नोंद झाली आणि तो आंबोलीच्या परिसरातच सापडतो. सड्यावरच्या उथळ साचलेल्या पाण्यातच त्याची वीण होते, म्हणून तिथली डबकी ओलांडून जा, त्यातून चालू नका.